ओट्याखालचा नाग

या ग्रुपवर लोक लिहितात ते अतर्क्य अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. एखादा वाचून झाला की मनातल्या मनात त्याचं उत्तर शोधायचं — झोप अपुरी असेल, ताप असेल, सांगणाऱ्याने तिखटमीठ लावलं असेल — आणि पुढच्याकडे वळायचं. मी कल्याणला ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. घरात देव आहेत, उपास-तापास सासूबाई बघतात, त्यापलीकडे माझा कशावर विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. म्हणूनच हे लिहायला दोन वर्षं गेली.

गोष्ट माझ्या मोठ्या भावाची, जयवंतदादाची. आणि थोडी माझीही.

दादा कल्याण-भिवंडी रस्त्यावर कोनला राहतो, आमच्या वडिलांनी बांधलेल्या तीन खोल्यांच्या घरात. मागच्या भिंतीला लागूनच वीस-बावीस लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आहे. दादा तिथेच लूम दुरुस्तीचं काम करतो. कारखाना चालू असला की घरातली जमीन सतत बारीक थरथरत असते. पाहुण्यांना ती जाणवते, घरच्यांना नाही.

साप धरणं त्याला लहानपणापासून येतं. आजूबाजूला गोदामं वाढली, गोदामांत उंदीर आले, उंदरांमागून साप. फोन आला की दादा काठी आणि पोतं घेऊन बाइकवर निघायचा आणि धरलेला साप वज्रेश्वरीच्या बाजूला रानात सोडून यायचा. तिथवर ठीक होतं. मग एकदा फोर्कलिफ्टखाली शेपूट चिरडलेला एक नाग त्याने घरी आणला, बरा होईपर्यंत म्हणून. नाग बरा झाला, पण गेला नाही. वर्षभरात दोन घोणशी आल्या, मग एक मण्यार. जाळीची झाकणं लावलेल्या चार पेट्या. मागची खोली त्यांची झाली.

वहिनी म्हणाली, "या घरात एकतर ते राहतील, नाहीतर मी." आणि ती मुलीला घेऊन माहेरी गेली. दादाने तिला थांबवलं नाही. मला सापांपेक्षा तेच जास्त लागलं.

एका रविवारी मी मुद्दाम भांडायला म्हणून कोनला गेले.

"दादा, हा गुन्हा आहे. वनखात्याला कळलं तर केस होईल."

"कळंल तवा बघू."

"आणि चावला तर? तुला वाटत असेल, माणूस बेशुद्ध पडतो आणि मरतो. नागाचं तसं नसतं. आधी पापण्या मिटतात, मग जीभ जड होते, मग छाती हलायची थांबते. डोकं मात्र बराच वेळ जागं असू शकतं. तुला सगळं ऐकू येईल, पण बोटसुद्धा हलवता येणार नाही."

तो नागाच्या पेटीसमोर पाटावर बसून होता. मग म्हणाला, "कारखान्यात मला कोण इचारतंय, बाय? जयवंत, सोळा नंबर बघ. जयवंत, बेल्ट तुटला. दिवसभर कानात खडखड, आन् डोक्यात त्याच्यावून जास्त. इथं झाकण उघडायच्या आदी सगळं डोकं एका जागी येतं. कालचं न्हाय, उद्याचं न्हाय. असं मला दुसरीकडं कुठंच होत न्हाय."

मला बढाईची अपेक्षा होती. तीही त्याच्यात थोडी होती. गल्लीतली पोरं मोबाइल धरून उभी राहिली की त्याची मान ताठ व्हायची. पण हे उत्तर वेगळं होतं. लोक विषारी साप का पाळतात, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. कुणाला मिरवायचं असतं, कुणाला भीती जिंकल्यासारखं वाटतं. आणि काहींच्या आयुष्यात पूर्ण लक्ष द्यावं असं दुसरं काही उरलेलंच नसतं... पण लक्ष कधीतरी चुकतंच. दमलेला असतो माणूस, डोक्यात घर असतं, बायकोचा फोन आलेला असतो. सापाच्या हातून रोज चूक झाली तरी चालते. पाळणाऱ्याच्या हातून एकदाही चालत नाही.

दादाचं लक्ष एका बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला चुकलं. नागाच्या पेटीतलं पाणी बदलताना. उजव्या अंगठ्यावर.

तो खोलीबाहेर आला, बाहेरून कडी लावली आणि हात छातीशी धरून चालत कारखान्यात गेला. तिथले फोरमन सलीमभाई, मूळचे आझमगडचे, पण वीस वर्षं इथेच. त्यांनी त्याला रिक्षात घातलं आणि रस्त्यातूनच मला फोन केला.

"मॅडम, आपके भाई को साँप ने काटा है. नाग है, वो खुद बोल रहा है. आप सीधा हॉस्पिटल आओ."

भिवंडीत सर्पविषावरचं इंजेक्शन लगेच सुरू झालं, पण मी पोहोचले तेव्हा दादाच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या होत्या आणि शब्द तोंडात लोळत होते. मला बघून त्याने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. मला कळलं नाही. दुपारी एकच्या आत त्याला ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, तोपर्यंत घशात नळी होती आणि श्वास मशीनचा होता. त्याला वर नेल्यावर खाली धावपळीत दुसऱ्याच कुणाच्या स्ट्रेचरचं चाक माझ्या पायावर आलं, अंगठ्याचं नख उखडलं. नर्सने स्पिरिटने पुसून पांढरी पट्टी गुंडाळली. हे लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नव्हतं.

तीनच्या सुमाराला काउंटरवर आधार आणि रेशन कार्ड मागितलं. दोन्ही कोनच्या घरी. नवरा ठाण्याला थांबला आणि मी एकटी रिक्षाने निघाले. कारखान्यात सलीमभाई नव्हते, नमाजाला आणि मग बाजारात गेले होते. किल्ली त्यांच्या माणसाने दिली. तो म्हणाला, "पीछेवाले रूम को कडी है, आप डरो मत."

कडी खरंच होती. लांबूनच पाहिली. मला वाटलं नाग त्याच्या पेटीत आहे.

कागद स्वयंपाकघरात, फळीवरच्या बिस्किटांच्या डब्यात सापडले. निघायचं, एवढंच काम होतं. पण ओट्यावर भाकरीची टोपली दिसली आणि भूक जाणवली. सकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं. दादाने सकाळी केलेल्या दोन भाकऱ्या होत्या, बाजूला वाटीत सुकटीची चटणी. मी तिथेच ओट्याला टेकून, चपला दाराशी काढलेल्या, अनवाणी उभी राहून एक अख्खी भाकरी खाल्ली. भाऊ तिकडे मशीनवर आणि मी त्याची भाकरी खातेय — आणि ती चवीची लागतेय. याची इतकी लाज वाटली की नवऱ्यालाही सांगितलं नाही. खाता खाता मध्येच लाइट गेली. मागचे लूम एकापाठोपाठ एक थांबले आणि अचानक सगळं गप्प झालं. मी तशीच थोडा वेळ उभी राहिले, हात धुतले, दार लावलं आणि निघाले. आत असेन दहा-बारा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच वनखात्याला कळवलं. तिघं आले, मी दारात उभी. मागच्या खोलीत घोणस दोन, मण्यार एक. नागाची पेटी उघडी आणि रिकामी. त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने वाकून दाराखालची फट दाखवली. दोन बोटं तरी होती.

नाग त्यांना स्वयंपाकघरात मिळाला. ओट्याखाली, गॅस सिलिंडरच्या मागे वेटोळं करून. त्याच्यासमोर फरशीवर भाकरीचा चुरा पडला होता.

"काल इथं कोणी आलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"कागद न्यायला आले होते," मी म्हणाले. भाकरीचं सांगितलं नाही. मी उभी होते ती जागा आणि सिलिंडर यांच्यात वीतभर अंतर असेल.

चौथ्या दिवशी दादाने डोळे उघडले. तोपर्यंत पायाची पट्टी मी काढून टाकली होती आणि बूट घालून फिरत होते. सहाव्या दिवशी त्याला वॉर्डात आणलं. आवाज बसलेला, पण बोलत होता. मी संत्रं सोलून देत होते.

"भाकरी कडक झाली आसंल ना," तो म्हणाला.

"कुठली भाकरी?"

"वट्यापाशी उभी राहून खाल्लीस ती."

मला वाटलं, मी काहीतरी वेगळंच ऐकलं. त्याने डोळे मिटले आणि हळूहळू, दम घेत सांगितलं. ते मी जसं आठवतं तसं लिहितेय.

"मी खाली व्हतो. सिलिंडरच्या मागं गार जागा हाय ना, तिथं. फक्त पाय दिसत व्हते, लय मोठे. एका अंगठ्याला पांढरी पट्टी. वरून काय काय पडत व्हतं, बारीक बारीक, ते पडलं का पोटाला कळायचं. लूमची थरथर सगळ्या अंगात चालू व्हती, मंग ती थांबली. थांबली तवा तू डावा पाय उचलून उजव्यावर ठेवलास. आन् जिभेवर औषधाची चव आली, कडू. वास नव्हं गं. चव."

मी संत्रं खाली ठेवलं.

यावर मी जे केलं ते तुम्ही कराल तेच. उत्तर शोधलं. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मशीनवरचे पेशंट खूप काही बघतात. औषधं असतात, भीती असते. मान्य. भाकरी दादानेच केली होती, मी भुकेली असेन हे त्याला सुचू शकतं. एका पायावर पाय ठेवून उभी राहायची माझी सवय त्याला लहानपणापासून माहीत आहे. साप जिभेने वास घेतो हे तर तो माझ्याआधी शिकला. लाइट गेल्याचं सलीमभाईंनी सांगितलं असेल, म्हणून त्यांना विचारलं.

"हॉस्पिटल में छोड़ने के बाद मैं तो उससे मिला ही नहीं," ते म्हणाले. "और उस टाइम मैं कारखाने में था कहाँ?"

आणि पट्टी? ती बांधली तेव्हा दादाच्या पापण्या त्याला उचलता येत नव्हत्या, आणि तो दुसऱ्या मजल्यावर होता. त्याने डोळे उघडले तेव्हा ती कचऱ्यात गेलेली होती. इथे माझी सगळी उत्तरं संपतात.

नवऱ्याला सांगितलं — भाकरीसकट. तो म्हणाला, "भाऊच तो. त्याने आवरलं असेल त्या नागाला. त्याला हलता येत नव्हतं म्हणून तोही हलला नसेल." हे ऐकून मला रडू आलं. पुढे कितीतरी दिवस मी तेच धरून बसले. मरणाच्या दारातून माझ्या भावाने मला वाचवलं... किती बरं वाटायचं तसं म्हणायला.

साप वनखात्याने नेऊन सोडले. दादावर केस झाली, तो तारखांना जातो, काही नाकारत नाही. अंगठ्याचं मांस झडलं, वरचं पेर काढावं लागलं, त्यामुळे लूमचं बारीक काम आता त्याला जमत नाही. तो आता कारखान्यात तयार कापडाचे तागे तपासतो. वहिनी परत आली. लगेच नाही, पाच महिन्यांनी, मागच्या खोलीला चुना मारल्यावर. तिथे आता तिचं शिलाई मशीन आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी आणि दादा त्याच खोलीत चहा पीत बसलो होतो. वहिनी बाजारात गेलेली. मी इतके दिवस मनात ठेवलेलं बोलले.

"दादा, तू मला वाचवलंस."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला ते खरंच कळलं नव्हतं.

"तिथं ओट्याखाली," मी म्हणाले. "तू त्याला चावू दिलं नाहीस."

दादाने कप खाली ठेवला. हो म्हणणं त्याला किती सोपं होतं. माझ्यासाठी तरी.

"न्हाय, बाय," तो म्हणाला. "तुला खोटं कशाला सांगू. तवा तू कोण हायस ते मला ठाऊकच न्हवतं."

"म्हणजे?"

"पाय व्हते, एवढंच. कुणाचे ते न्हाय. बहीण, भाऊ, असलं तिथं काय न्हवतंच. पाय आणखी थोडा पुढं आला आसता तर..." तो थांबला. "हे समदं मागनं जुळलं, वॉर्डात. तुझा चेहरा बघितला तवा कळलं का ते पाय तुझे व्हते. त्या रातीपासनं मला झोप न्हाय लागली."

"राग होता का?"

"न्हाय. राग बी न्हवता, माया बी न्हवती. मी इतकी वर्सं त्याच्यासमोर बसून जी शांती म्हणायचो ना, ती हीच व्हती. आतून बघितली तवा मला तिची भीती वाटली."

त्यानंतर तो साप धरायला गेलेला नाही. फोन अजून येतात. तो वनखात्याचा नंबर देतो आणि ठेवून देतो.

मला स्पष्टीकरण मिळालेलं नाही. मशीनवर पडलेल्या माणसाला आठ-दहा मैलांवरच्या घरातली, वीतभर उंचीवरून दिसणारी पट्टी कशी दिसली, हे कुणाला सांगता येत असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. "योगायोग" म्हणालात तरी वाईट वाटणार नाही, मीही बरेचदा तेच म्हणते.

दरवर्षी सरपटणाऱ्या प्राण्यांचा धडा आला की वर्गातून कुणीतरी विचारतंच — मॅडम, पाळलेला साप मालकाला ओळखतो का? पूर्वी मी मेंदूची आकृती काढून, दहा मिनिटं घेऊन उत्तर द्यायचे. आता नुसतं "नाही" म्हणते. मुलं ते वहीत लिहून घेतात आणि मी पाठ फिरवून फळा पुसायला लागते.