गोजरबाईच्या तीन सुया

“आधी मले टोचते, मंग तुले,” असं गोजरबाई समोर बसलेल्या प्रत्येक पोरीला म्हणायची. आणि तसंच करायची. दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीन सुया ती आधी स्वतःच्या डाव्या मनगटात टोचायची, रक्ताचा बारीक मणी वर येईपर्यंत. “काय झालं मले? काईच नाही.” मग पदरानं पुसून त्याच सुया काजळात आणि पोरीच्या हातावर. पोर रडायचं विसरून जायची.

रोहिणखेडच्या आसपास तिची सारी उमर अशी गोंदण्यात गेली. तिच्या मनगटावर ठिपक्यांचं निळं रान माजलं होतं. त्यात ना तुळस, ना कोणाचं नाव. दुसऱ्यांची भयं तेवढी तिथं वस्तीला आली होती.

एकच नाव तिनं हौसेनं गोंदलं, स्वतःचं, नवऱ्याच्या दंडावर. तेव्हाही आधी मनगट, मग दंड. पुढं बीटी कपाशी आली, काही सालं बोंडं भरली, मग अळी परतली आणि पाठीवरच्या पंपांतले विषारी फवारेही. अशाच एका हंगामात नवऱ्याचे, उकंडरावांचे, डोळे हळदीसारखे झाले, पोट फुगलं. दसऱ्याआधी ते गेले. गाव म्हणालं, फवाऱ्यानं खाल्लं. तशी माणसं तेव्हा जातच होती. दुसरं कारण शोधायला कोणाला सवड नव्हती.

यंदा उपकेंद्रातल्या आलिमा सिस्टरनं न्हावी, कान टोचणारे, गोंदणाऱ्या अशा सगळ्यांचं रक्त तपासलं. गोजरबाईच्या रक्तात ‘कावीळ ब’ निघाली. म्हणून घरच्यांनाही बोलावलं. मुलगा भागवत लस घेऊन कामावर गेला. सून निशिगंधाचं रक्त साफ निघालं, पण ती बाकाच्या कडेला दंड पदरात लपवून बसली. दिवसभर बियाण्याच्या प्लॉटवर कपाशीची फुलं हाताळणारी ही बाई सुईला भ्यायची. गावात बिनगोंदणाची तीच एक. गोजरबाईनं तिला कधी जबरदस्ती केली नव्हती.

“मी नाही घेत,” निशिगंधा म्हणाली. “आत्याबाई, आधी तुमी घ्या.”

गोजरबाईची बाही केव्हाच वर गेली होती. “हाव. टोच वं सिस्टर, आधी मले.”

“मावशी, तुमच्यासाठी लस नाही. जिले अजून लागण झाली नाही तिच्यासाठी आहे. तुम्ही बुलढाण्याले जा, लिव्हर तपासा. औषध आहे त्याच्यावर.”

“मले तं काईच होत नाही.”

“कित्येकाले सालोसाल काही होत नाही. पण सुईवरून दुसऱ्याले जाते.” आलिमानं तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. “तुम्ही आधी स्वतःले टोचत होत्या न?”

“पोरी भेत होत्या ना माय.”

तिचा हात तसाच पुढं राहिला होता. तो तिनं मांडीवर ठेवला. नवऱ्याच्या दंडावरची हिरवी अक्षरं तिच्या डोळ्यांपुढं आली. ती चितेवर जळून गेली होती, आता त्यांना काय विचारणार.

गोजरबाईनं वर गेलेली बाही खाली ओढली. मग सुनेकडे सरकली.

“या वेळी आधी तू, पोरी.”

“लय दुखते का?”

“दुखते. साऱ्याईले मी खोटं सांगत आली.”

निशिगंधानं सासूकडे पाहिलं. सुईपेक्षाही या खऱ्या बोलण्याचं तिला भय वाटलं. पण दंड पदरातून बाहेर आला. सुई शिरली तेव्हा तिनं सासूचं मनगट घट्ट धरलं, ठिपक्यांवरच.

“झालं. पुढच्या महिन्यात दुसरी,” आलिमा म्हणाली. “मंग अजून एक. चुकवायची नाही.”

वापरलेल्या सुया टाकायचा डबा टेबलावर होता. गोजरबाईनं कमरेचा बटवा सोडला. त्यातल्या तीन सुयांचा जुडगा डब्याच्या तोंडातून जाईना. तिनं नखानं दोरा उकलला. गाठ जुनी होती, काजळानं घट्ट झालेली, वेळ लागला. मग एकेक सुई आत सोडली.

“मावशी, बुलढाण्याची चिठ्ठी लिहून देते, जाल न?”

गोजरबाईनं चिठ्ठीसाठी हात पुढं केला, घडी बटव्यात ठेवली, पदर मनगटावर ओढला आणि बाहेर पडली.