अक्रोडाची फळी

बसायला खुर्ची दिली की आमचे हे शेजारी ती आधी उलटी करून पाहत. बुडाला नखाने खरवडत, टकटक करत आणि मगच "साग. चालेल," म्हणून टेकत. भवानीपूरला आमच्या घरमालकांकडे आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हाही त्यांनी हेच केलं. मालक बिचारे ओशाळले. "छारपोका नेई, मोशाई!" म्हणाले, म्हणजे ढेकूण नाहीत हो. यांनी गंभीरपणे मान डोलावली, "देवदार" असा निकाल दिला आणि बसले. मी आपला छताच्या पंख्याकडे बघत राहिलो.

फोर्ट विल्यममध्ये ते बंदुकांचे दस्ते तपासत. दस्ते अक्रोडाचे, त्यामुळे दुसरं लाकूड त्यांच्या मनात भरतच नसे. "दणका सोसतं, तडकत नाही, एकदा मुरलं की वाकडं होत नाही. माणसांत सापडेल का असं कुणी?" हे ते वहिनींच्या देखत विचारत. वहिनी पोळी लाटता लाटता म्हणत, "ते असू दे. देव्हारा कधी?"

कारण वहिनींचे देव चहाच्या खोक्यात राहत. साहेब लोक गाशा गुंडाळून विलायतेला निघाले, तेव्हा एका लिलावातून यांनी जुन्या कपाटाची अक्रोडी फळी आणली होती, खास देव्हाऱ्यासाठी. गडद चॉकलेटी रंग, त्यात वळणं घेत गेलेल्या काळ्या रेषा. दर रविवारी ती आम्हाला दाखवायची, तेल चोळायचं आणि पुन्हा पलंगाखाली सरकवायची. करवत लावायला त्यांचा हात धजत नसे. "एकदा कापली की संपलं, हो!" वर्षं गेली, देव खोक्यातच.

मग वहिनी जिन्यावरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. पुढे चालता येईल की नाही, डॉक्टर सांगेनात. इस्पितळात यांना बाक दिला, तर ते खाली न बघता मटकन बसले. तेव्हा मात्र मी घाबरलो.

वहिनी घरी आल्या तेव्हा दाराशी काठी उभी होती. फळीच्या बरोबर मधून, एकही रेषा न तोडता काढलेली. उरलेल्या पट्ट्यांत देव्हारा होणं शक्यच नव्हतं.

"अहो, वेताची मिळाली असती की बाजारात!" वहिनी रागावल्या.

"वेत लवतो. ही दणका सोसेल."

वहिनींनी मुठीवरून हात फिरवला. तिला इतका रंधा आणि तेल लागलं होतं की हात अडकतच नव्हता.

पुढे यांची बदली झाली. हावड्याला वहिनी काठी टेकत डब्यात चढल्या, मागून मी खोकं दिलं. "देवांना आता चहाच्या वासाशिवाय करमायचं नाही," त्या हसून म्हणाल्या. हे वाकून बाकाखाली टकटक करत होते.

"साग," ते म्हणाले.

"चालेल," वहिनी म्हणाल्या. "बसा आता."

गाडी सुटली. घरी येऊन मी आमची खुर्ची उलटी करून पाहिली. लाकूड कसलं ते कळेना, आणि विचारायचं तरी कुणाला?