आज तं हाय

मेंढी समोर आणून उभी केली की म्हातारी आधी आपले दोन्ही हात काखेत घालायची. मेंढीकडे बघायचीसुद्धा नाही. सकाळच्या उन्हात उकिडवी बसून, हात काखेत दाबून, डोळे मिटून घ्यायची. आणि मेंढी धरून उभा असलेला माणूस अवघडून जायचा. कोणी घाई केली तर म्हणायची, "थंडा हात लागला का पोट आखडते. तुह्या पोटाले लावून पाहू का?" मग कोणी घाई करत नसे.

हात गरम झाले की ती मेंढीच्या मागे गुडघे टेकून बसायची. एक हात उजव्या कुशीवर, दुसरा पोटाखाली, कासेच्या जरा पुढे. खालचा हात हलकेच वर उचलायचा, सोडायचा आणि थांबायचं. पोटात पिल्लू असलं तर ते वर जातं आणि परत येऊन तळहाताला टेकतं. तीनेक महिने भरल्याशिवाय हे कळत नाही, आणि कळलं तरी सगळ्यांच्या हाताला कळत नाही. असं तीनदा करून ती मान हलवायची आणि म्हणायची, "आज तं हाय." नसलं तर "आज तं नाई." त्यापुढे एक शब्द नाही.

मी तेव्हा मुकुटबनच्या बाजूला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होतो. म्हणजे जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, बैलाचे पाय धरणं आणि साहेब नसले की साहेबासारखं वागणं. साहेबांकडे तीन दवाखान्यांचा चार्ज, त्यामुळे हे शेवटचं काम मला बरंच पडायचं. मूळचा मी नेरचा, तोंडाचा फटकळ. ही धनगराची म्हातारी मला 'डाक्टर' म्हणायची आणि त्याच दमात अरेतुरे करायची. हुद्दा वाढवून द्यायचा पण मान द्यायचा नाही, असा तिचा हिशेब होता आणि मला तो आवडायचा.

तिच्या त्या 'आज तं'वर मात्र मी चिडायचो. एकदा म्हटलं, माय, मेंढी गाभण असते नाही तर नसते, त्यात आजची गाभण आणि उद्याची गाभण असं काय असतं? ती म्हणाली, "उद्याचं मले काय माहीत, डाक्टर? हात आज लावला ना." मी हसलो. तुम्हीही हसला असता.

मग मीही शिकायला बसलो. एका मेंढीला हात लावून मी सगळ्यांसमोर जाहीर केलं की दोन पिल्लं आहेत, आणि दोन्ही चांगली मोठी. म्हातारीनं हात लावला. पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खोकला आला. म्हणाली, हिनं रात्रभर सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसकट, खाल्लं आहे, डाक्टरच्या पायगुणानं आता ती कुटारच व्याणार. पुढे महिनाभर गावात मला बघून लोक विचारायचे, कुटार व्यालं का? तेव्हापासून मेंढी उपाशीपोटी, चरायला सोडायच्या आधी तपासायची हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

या कामाचं ती काही घेत नसे. फक्त एक रीत होती. तिनं 'आज तं हाय' म्हटलेली मेंढी व्याली की पिल्लू आधी आणून तिच्या मांडीवर ठेवायचं. ती त्याचं ओलं डोकं हुंगायची, उजव्या तळहातावर त्याला घेऊन जरा वर-खाली करायची आणि म्हणायची, "हेच व्हतं." जशी काही जुनी ओळख होती. मला ते खोटं वाटायचं. आता वाटत नाही.

कापसानं लोकांना रडवलं ते हेच दिवस. त्या दिवसांवर लिहिणाऱ्यांनी खूप लिहिलं आहे, मी बायांचं सांगतो. घरोघरच्या बायांनी स्वतःच्या हिमतीवर एक-एक, दोन-दोन मेंढ्या घेतल्या होत्या. त्या मेंढ्या म्हातारीच्या मुलाच्या कळपात चरायच्या. दसरा झाला की म्हातारी एकेकीला तपासायची. भरलेली मेंढी ठेवायची, तिला मूठभर डाळीची चुनी जास्त घालायची. रिकामी मारेगावच्या बाजारात जायची, म्हणजे खाटकाकडे. कोणती घरी राहील आणि कोणती जाईल, हे त्या दोन हातांवर ठरायचं. बौद्धवाड्यातल्या शेवंताकडे एकच मेंढी होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. म्हातारीनं तिला हात लावून 'आज तं हाय' म्हटलं तेव्हा शेवंता जागच्या जागी खाली बसली आणि मेंढीच्या पाठीवर गाल टेकवून रडली. त्या वर्षी तिच्या घरात चांगली म्हणावी अशी तेवढीच बातमी होती.

त्या वर्षी बोंडअळीनं कापसाची शेतं खाल्ली. फवारून फवारून लोक थकले आणि दिवाळीच्या आधीच म्हणाले, जाऊ द्या, घाला मेंढरं पऱ्हाटीत, उभ्या कापसात. पाला खातील, लेंड्या टाकतील, जमिनीचं तरी भलं होईल. म्हातारीचा मुलगा कळप घेऊन या शेतातून त्या शेतात बसू लागला. त्या बदल्यात शेतवाले ज्वारी द्यायचे, त्यावर त्याचं घर चालायचं.

मार्गशीर्ष आला. मेंढ्या व्यायचे दिवस. एक व्याली, दोन व्याल्या, चार-पाच व्याल्या. बाकीच्या नुसत्याच चरत होत्या. कासेला फुगवटा नाही, काही नाही. बायांनी आठ दिवस वाट बघितली, पंधरा दिवस बघितली आणि मग एका सकाळी आपापल्या मेंढ्या ओढत दवाखान्यात आल्या. शेवंता सगळ्यांच्या पुढे. साहेब नव्हते. मी हात लावला. रिकामी. दुसरीला लावला, तीही रिकामी. शेवंतानं विचारलं, मग म्हातारी काहून हाय म्हणाली?

माझ्या तोंडाची सवय तुम्हाला सांगितलीच. मी म्हणालो, "म्हातारीचा हात हाय तो, मशीन थोडी हाय. वय झालं, चुकला असंन."

बोलून वळलो तर ती व्हरांड्याच्या खांबाशी उभी होती. बायांच्या मागोमाग आली असावी. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "चुकला असंन. डाक्टर म्हनते तं चुकलाच असंन." आणि गेली.

बायांनी मेंढ्या कळपातून काढल्या आणि भाकड म्हणून विकल्या. शेवंतानंही विकली. ठिपकेवालीचा कासरा हातात घेऊन ती दवाखान्यावरूनच बाजाराला गेली. मी पट्टीची गुंडाळी करत होतो, वर बघितलं नाही.

चार दिवसांनी म्हातारी दवाखान्यात आली. ओळीत उभी राहिली, पुढे एक कालवड, मागे एक कुत्रं. पाळी आल्यावर तिनं टेबलावर आपला उजवा हात ठेवला, तळवा वर करून.

"पाह्य, डाक्टर," ती म्हणाली. "याले काय झालं? एवढे वर्स कधी खोटं नाही बोलला."

मी त्या हाताकडे बघितलं. तळव्याला घट्टे, अंगठ्याजवळ जुना व्रण. मी बोटं वाकवून बघितली, मनगट दाबून बघितलं, जसं साहेब बैलाच्या खुराला करतात. आणि काही न सुचलेला माणूस करतो तेच मी केलं, औषध दिलं. बैलाच्या खांद्याला चोळायचं तेल होतं, कापूर-टर्पेंटाइनचा भपकारा येणारं. बाटली भरून दिली आणि सांगितलं, दोन वेळा चोळ. तिनं बाटली दोन्ही हातांनी घेतली.

ती खरंच चोळायची. तिच्या झोपडीवरून गेलं की वास यायचा.

माघात तिचा मुलगा जंताचं औषध न्यायला आला. साहेब आत होते. हा बाहेरच घोटाळत राहिला, मग मला झाडाखाली घेऊन गेला आणि खाली बघत बोलू लागला. पऱ्हाटीत कळप बसवला तेव्हाच मेंढ्या गाभडायला लागल्या होत्या. रोज सकाळी एक-दोन पिल्लं पडलेली असायची, वीतभर, केस न आलेली. त्यानं ती गोळा करून तुरीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधाला, पुरली. कुत्र्यांनी नेली ती वेगळी, पुरलेली एकवीस. ठिपकेवालीचंही त्यात होतं. कोणाला सांगितलं असतं तर रोगी कळप म्हणून एकाही शेतवाल्यानं त्याला धुऱ्यावर पाय ठेवू दिला नसता. "मायले सांगू नोको," तो म्हणाला. "तिच्या पोटात राहत नाई. ती बायाईले सांगन."

फवारणीनं झालं, पाल्यानं झालं की रोगानं, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. तपासायला पिल्लू तरी कुठं उरलं होतं. पण एवढं कळलं की म्हातारीनं हात लावला त्या दिवशी ती पिल्लं होती. तिनं आजचं सांगितलं होतं. उद्याचं सांगितलंच नव्हतं.

आणि मी गप्प बसलो. मुलाच्या पोटासाठी बसलो, असं स्वतःला सांगत होतो. थोडं ते खरंही होतं. पण बाकीचं खरं हे की ज्या व्हरांड्यात मी तिला खोटं पाडलं होतं, त्याच व्हरांड्यात मला खोटं पडायचं नव्हतं. मधल्या काळात तिच्याकडे मेंढी घेऊन कोणी आलं नाही. तिनंही कळपाकडे जाणं सोडलं.

ज्येष्ठात माझी मारेगावला बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी तिच्याकडे गेलो. ती दारात बसून तेल चोळत होती. बाटलीत बोटभर उरलं होतं. मी समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं, मुलाचं, धुऱ्याचं, माझं.

तिचा चोळणारा हात थांबला.

"मंग, व्हते ते," ती म्हणाली.

"व्हते, माय. तुहा हात नाही चुकला. माहं तोंड चुकलं."

मला वाटलं होतं, तिचा जीव हलका होईल. मला शिव्या देईल, निदान मुलाला देईल. तिनं विचारलं, किती? मी सांगितलं, एकवीस. कुठं पुरले? तेही सांगितलं. तिनं बाटलीला बूच लावलं आणि माझ्यापुढे सरकवली.

"मले वाटलं, हातच गेला," ती म्हणाली. "हात गेला असता तं बरं झालं असतं, डाक्टर."

ती बाटली घेऊन मी घरी आलो. त्या वासाची बाटली पुढे नोकरीभर मी दुसऱ्याला उघडायला सांगत आलो.

पोळ्यानंतर तिचा मुलगा मला मारेगावच्या बाजारात भेटला. म्हातारी गेली होती, पंधरा दिवस झाले होते. तापानं गेली म्हणाला. मग घुटमळला. माझी बदली झाल्यावर दोन-चार दिवसांनीच ती त्याला म्हणाली होती, मले धुऱ्यावर ने. त्यानं नेलं, जागा दाखवली. ती तिथं उकिडवी बसली. भर उन्हाचे दिवस, तरी दोन्ही हात काखेत घालून, डोळे मिटून बसली. तो मागे उभा राहिला. मग तिनं उजवा तळहात मातीवर टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. तीनदा.

"आज तं नाई," म्हणाली, आणि हात झटकून उठली.