उन्हाचे वर्ष, अळीचे वर्ष

तार आली तेव्हा मी चांद्याच्या घरी कपडे वाळत घालत होते. दिनकरभाऊ गेला... माझा थोरला भाऊ, धानोऱ्याचा रेंजर. हातातल्या लुगड्याचे पाणी पायांवर निथळत राहिले, आणि त्याचा गारवा मला कळेना.

आज महिना उलटला. भाऊ आठवला की जुन्या चामड्यासारखा तो वास येतो, ताज्या कापल्या सागाचा. एकोणीसशे पन्नासचे दशक तेव्हा नुकतेच लागले होते. सलग दोन उन्हाळे असे तापले की त्याने लावलेल्या रोपवनातली सागाची रोपे उभ्या उभ्या करपली. वरच्या कचेरीने लिहिले, इथे आता साग जगणार नाही, जमीन मोकळी करा. भाऊने जुन्या तोडीचे बुंधे गाठले. सागाच्या बुंध्यावर दर वर्षाचे एक वर्तुळ उमटते. विश्रामगृहाच्या नोंदवहीत वीस वर्षांचे तापमान होते. उन्हाळा जितका कडक, त्या वर्षाचे वर्तुळ तितके बारीक, हे त्याने ताडून पाहिले. मग नोंदवहीच्याही मागे, झाडाच्या आत आत जात राहिला. दर दहा वर्तुळांवर तो बाभळीचा काटा रोवी. कॉलेजच्या त्या सुटीत काटे पुरवणे माझ्याकडे होते.

एका सकाळी तिसाव्या वर्तुळाजवळ त्याला दोन बारीक वर्तुळे एकमेकांना लागून सापडली. असे दोन उन्हाळे पूर्वीही आले होते, तरी झाड जगले होते! त्याने लगेच कचेरीला पत्र लिहिले. रोपांना पाणी घालणारी सोनाबाई ढिवर बुंध्यावर वाकली, दोहोंतल्या आतल्या वर्तुळावर बोट ठेवून.

"हे कोन्त्या सालचं, भाऊ?"

"एकतीस वर्षांमागचं. ऊन फार होतं तेव्हा."

"कुठचं ऊन! ते माह्या लग्नानंतरची धानाची पहिली रोवणी. पावसात डोक्यावर घ्याले सागाचं एक पान धड नव्हतं, अळीनं समदी चाळण केली होती. सासू म्हणे, भीज! तुमाले पुस्तक समजते भाऊ, मले माहं भिजलं डोस्कं समजते."

भाऊ खळखळून हसला, आणि मग पुन्हा बुंध्यावर वाकला. पाने नसली तरी झाड वाढत नाही. ते वर्ष अळीचे होते, म्हणजे सलग दोन कडक उन्हाळे नव्हतेच. त्याने पत्र फाडले.

"आता रे?" मी विचारले.

"अळी एखाद्या जंगलात पडते," तो म्हणाला, "ऊन सगळीकडे पडतं."

मग पंधरा दिवस आम्ही दूरदूरचे बुंधे पाहत फिरलो. साठाव्या वर्तुळापाशी प्रत्येक बुंध्यात दोन बारीक वर्तुळे होती, आणि त्यांच्यापुढे रुंद, निवांत वर्षे. आपली चूक आणि सोनाबाईचे म्हणणे, दोन्ही त्याने नव्या पत्रात लिहिले. एका वर्षाची मुदत मिळाली. आषाढात करपलेल्या दांड्यांच्या बुडाशी, मुळांतून, तांबूस कोंब वर आले...

परवा भाद्रपदात धानोऱ्याला गेले. रोपवनात आता आभाळ तुकड्यातुकड्यानेच दिसते. दाटी कमी करण्यासाठी कापलेला एक सोट वाटेत पडला होता. मी त्याच्यापाशी बसले.

"मोजा बाई," सोनाबाई म्हणाली, "पण मले विचारल्याबिगर लिहू नोका."

मी मोजत गेले, ती एकेक वर्ष सांगत गेली. मधले पहिले वर्तुळ दोऱ्याइतके होते. पुढची रुंदावत गेलेली. सालीलगतचे या वर्षीचे ओले होते, अजून पुरे व्हायचे होते.