मंजुषावहिनींची चुकीची विमानं

हर्षल नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला होता. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी केलेले पार्ट हातात घ्यायचे, गेज लावायचं आणि "चूक" म्हणायचं. कारखान्यात त्याचा पगार मिळायचा, घरी तेच काम तो फुकट करायचा. भाजीत मीठ कमी, पोळीची कड जाड, पडदा एका बाजूला ओढलेला. मंजुषावहिनी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. अख्खा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करणारी बाई, पण या माणसापुढे त्यांनी हात टेकले होते. "भाऊजी, यांनी जन्मात एकदा तरी कशाला बरोबर म्हटलंय का, विचारा," असं त्या मला दर रविवारी सांगायच्या. मी विचारायचो. हर्षल म्हणायचा, "बरोबर असतं तेव्हा मी गप्प बसतो ना."

मी हर्षलचा दोस्त, मनमाडचा, रेल्वेत कारकून. रविवारी सकाळच्या गाडीने नाशिकरोडला उतरायचं आणि सिडकोत त्यांच्या घरी जाऊन दिवसभर विमानं उडवायची, याखेरीज मला दुसरा धर्म नाही. विमानं पुठ्ठ्याची. आमचा खेळ पटावरचा आणि त्यातला इतिहास ठार खोटा. दुसरं महायुद्ध पंचेचाळीसला संपलंच नाही, आणखी दोन वर्षं चाललं, असं धरायचं. मग जी लढाऊ विमानं खऱ्या इतिहासात एक-दोन नमुने बनून मोडीत निघाली, ती आमच्या खेळात धडाधड कारखान्यातून बाहेर पडायची. प्रत्येकाचं एक कार्ड. वर चित्र, खाली वेग, चढाई, वळण, तोफा, आणि शेवटी लाल शाईने त्याची खोड. हा हर्षलचा नियम. जे विमान जेमतेम उडालं त्याला आपण आयुष्य देतोय, तर त्याची खोडही आपणच शोधून द्यायची. खोड लिहिल्याशिवाय विमान पटावर येणार नाही. लाल पेन त्याच्या ताब्यात. वहिनींचा हात रांगोळीमुळे तयार होता, म्हणून चित्रं त्यांच्या गळ्यात पडली, आणि चित्रांबरोबर बोलणीही.

सगळ्यात जास्त बोलणी त्यांनी शिंदेनपायी खाल्ली. हे एक जपानी विमान. नाव ऐकून वहिनी म्हणाल्या होत्या, "कुठल्या शिंद्यांचं?" सगळाच उलटा कारभार त्याचा. प्रोपेलर शेपटीकडे, मोठे पंखही मागे, आणि नाकाशी दोन चिमुकले पंख. पहिल्यांदा धावपट्टीवर नाक वर झालं तेव्हा प्रोपेलरची पाती जमिनीला घासली. म्हणून मागच्या उभ्या सुकाणूंखाली दोन छोटी चाकं बसवली. ती चाकं वहिनी दर वेळी विसरायच्या आणि हर्षल कार्ड परत करायचा. शेवटी त्यांनी पेन्सिल आपटली, "तुमचं विमान गेलं खड्ड्यात!" असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या, आणि चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा पुन्हा काढायला बसल्या. अशी ती बाई.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास हर्षल आंघोळ करून बाहेर येताना कोसळला. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला. उजवा हात गेला, पाय ओढत चालायला लागला, आणि वाचा संपूर्ण गेली. डॉक्टर म्हणाले, पहिले काही महिने महत्त्वाचे, जे परत यायचं ते बहुतेक तेव्हाच येतं. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येऊ लागल्या. त्या छापील चित्रं दाखवायच्या: आंबा, कप, गाय. हर्षल भिंतीकडे तोंड करायचा. कळवणहून त्याची आई, नवसाबाई, येऊन राहिली. नातेवाइकांनी तर उपायांचा बाजार मांडला, कुणी वेखंड सांगितलं, कुणी नवस. वहिनी सगळं करायच्या. शाळेतून धावत यायच्या, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून "अहो, आई म्हणा, पाणी म्हणा, शिवी द्या, काहीही म्हणा," अशी विनवणी करायच्या. मला ते बघवायचं नाही. मी खिडकीतून बाहेर बघत बसायचो.

एका रविवारी मी नेहमीच्या गाढवपणाने विमानांची डबी काढून पट मांडला. शिंदेनचं कार्ड कुठेतरी हरवलं होतं. वहिनींनी घाईत एका पाठकोऱ्या कागदावर आठवेल तसं विमान काढून त्याच्यापुढे ठेवलं. प्रोपेलर नाकावर. हर्षलने ते पाहिलं. त्याचं तोंड वाकडं झालं, घशातून घरघर आली, आणि डाव्या हाताची थाप त्याने त्या कागदावर अशी मारली की सोंगट्या उडाल्या.

नवसाबाई घाबरली. "काय झालं रं लेकरा? कुठं दुखतंय?"

वहिनी मात्र जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग माझा हात धरून मला ओट्यापाशी नेलं. "भाऊजी, हे बोलणार कसे? त्या बाईंचा आंबा बरोबर आहे, कप बरोबर आहे, गाय बरोबर आहे. बरोबर असतं तेव्हा हे गप्प बसतात! मला चुका द्या. तुम्हाला विमानं कळतात ना? ज्या चुकीने यांच्या अंगाचा तिळपापड होईल अशा चुका द्या."

दिल्या. फोनवर दिल्या, गाडीतून दिल्या, साहेब समोर असताना दिल्या. वहिनी शाळा सुटली की एक विमान चुकीचं काढायच्या. पण चुकीचं काढायचं तर आधी बरोबर काय ते यावं लागतं. ज्या बाईला विमान आणि हेलिकॉप्टर एवढाच फरक ठाऊक होता, ती आता मला फोनवर विचारू लागली, "त्या इंग्रजांच्या मार्टिन-बेकर विमानाचे प्रोपेलर एकामागे एक दोन असतात ना? मग एक गाळू का?" ढोबळ चुकांना हर्षल गुरगुरायचा. बारीक चुका तो शोधायचा, बोट ठेवायचा, डोळे चमकायचे. हळूहळू घरघरीला आकार आला. "च," म्हणायला लागला. "च... च..." तो नुसता उच्चार ऐकून वहिनी पदर तोंडाला लावून रडल्या. जगात कुठल्या बायकोने नवऱ्याच्या तोंडून "चूक" ऐकायला इतका जीव टाकला असेल? शिकवणाऱ्या बाईंनीही आंब्याची कार्डं पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "तुमचंच चालू ठेवा."

ऊकार यायचा बाकी होता आणि हर्षलला दुसरा झटका आला. छोटा होता, असं दवाखान्यात म्हणाले. काय छोटं नि काय मोठं, हे ज्याचं त्याला ठाऊक. तो घरी आला तेव्हा मी मुद्दाम रजा टाकून गेलो. चेहरा शांत होता. इतका शांत हर्षल मी कधी पाहिला नव्हता, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

वहिनी तयारीनेच बसल्या होत्या. त्यांनी त्याच्यापुढे शिंदेन ठेवलं. प्रोपेलर नाकावर, नाकाजवळचे पंख गायब, चाकं गायब. पहिल्या दिवशी ज्यावर तो चवताळला होता तेच विमान, फक्त अधिक वाईट. हर्षलने कार्ड डाव्या हातात घेतलं. बराच वेळ बघितलं. मग वहिनींकडे बघून हसला आणि स्वच्छ, खणखणीत म्हणाला, "बरोबर."

नवसाबाईने टाहोच फोडला. "बोललं! माझं लेकरू बोललं! आता काय नाय, समदं नीट व्हईल!" ती तशीच अनवाणी शेजारच्यांना सांगायला धावली. पेढे आले. शेजारीपाजारी हात जोडून गेले. वहिनी सगळ्यांना पाणी देत होत्या आणि माझ्याकडे बघायचं टाळत होत्या.

लोक गेल्यावर त्यांनी त्याला बिनमिठाची आमटी दिली. "बरोबर." पडदा अर्धा ओढला. "बरोबर." स्वतःचं नाव कुसाबाई सांगितलं. "बरोबर." त्या पुन्हा ते कार्ड घेऊन त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांचा आवाज फाटला.

"अहो, चूक आहे ते! प्रोपेलर पुढे कसा? पुढचे पंख कुठेत? मागची चाकं कुठेत? मी विसरले ना, मी नेहमी विसरते ना! मला रागवा की! म्हणा की चूक!"

हर्षल घाबरला नाही, चिडला नाही. त्याने डाव्या हाताने त्यांचं डोकं थोपटलं. लग्नानंतर त्याने असं काही केल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं. "बरोबर," तो मायेने म्हणाला.

वहिनी उठल्या. त्यांनी डबीतून त्याचं लाल पेन काढलं. त्या पेनाला त्यांनी आजवर कधी हात लावला नव्हता. कार्ड मांडीवर घेऊन एकेक चूक नीट, शाळेतल्या अक्षरात लिहून काढली आणि माझ्यापुढे धरली.

"बघा भाऊजी, काही राहिलं का?"

मी वरपासून खालपर्यंत वाचलं. काही राहिलं नव्हतं. मी गप्प बसलो.