८६० वर अडलेली भट्टी

पायरोमीटर म्हणजे भट्टीचा थर्मामीटर. तो तासभर ८६० वर ठाण मांडून बसला होता. ग्लेझ, म्हणजे कपांवरचा काचेसारखा लेप, वितळायला १२०० अंश लागतात.

जयनगरला सरोजाक्कांच्या गच्चीवर ही भट्टी मी बांधली होती. जुना लोखंडी ड्रम, आतून उष्णता अडवणारं सिरॅमिक ब्लँकेट, खाली दोन गॅस बर्नर, वर धुराडं. अक्का खानापूरकडच्या, घरीच कुंभारकाम शिकवतात. आत त्यांच्या पहिल्या ऑर्डरचे कप होते. कॅफेला तीस हवे होते, फुटतुटीसाठी अक्कांनी चौतीस लावले होते. माल परवा द्यायचा होता. "भट्टी जमणार असेल तरच हो म्हणते," असं त्या म्हणाल्या, तेव्हा मीच छाती ठोकून "बिनधास्त घ्या" म्हटलं होतं. सरकारी कारखान्यात एकतीस वर्षं फर्नेस सांभाळली मी. एका ड्रमने माझी अब्रू काढावी?

मी गॅस वाढवला. ८५०. आणखी वाढवला. ८३५! धुराड्यातून हातभर पिवळी ज्वाळा निघाली.

"अण्णा, आग सगळी वरनंच चाललीय की."

"प्रेशर कमी पडतंय, अक्का."

"मला नाही तसं वाटत. आमच्याकडं बंबात लई लाकडं कोंबली की नुसता धूर व्हायचा, पाणी थंडच. स्वल्प कमी करून बघा की."

मला रागच आला. कुठे बंब, कुठे फर्नेस! पण नॉबवर हात तसाच थांबला. कारखान्यात हवा ब्लोअर द्यायचा. गॅस वाढवला की हवाही वाढायची. इथे ब्लोअर कुठला? धुराडं ओढेल तेवढीच हवा. जादा गॅस आत जळतच नव्हता, बाहेर जाऊन पेटत होता.

गॅस जवळजवळ निम्मा केला. हवा जास्त ओढली जावी म्हणून धुराड्याच्या तोंडावर ठेवलेली वीट बोटभर बाजूला सरकवली.

८७०. ९२०. हजार. चहा विसरून आम्ही दोघं आकडे मोठ्याने वाचत होतो. अकराशे ओलांडल्यावर मी चक्क शिट्टी वाजवली. अंधार पडायच्या आत बाराशे झाले.

भट्टी दुसऱ्या दिवशी दुपारी उघडली. घाई केली तर कप तडकतात. दोन कप भट्टीतल्या मातीच्या फळीला चिकटले होते. बाकी बत्तीस नुसते चकाकत होते. अक्कांनी एकावर नख वाजवलं. टण्ण! त्यांचे डोळे भरून आले, आणि खरं सांगतो, माझेही.

शिकलो ते एवढंच. तापमान चढत नसेल, तर आधी गॅस कमी करून बघावा. आणि अनुभवी इंजिनिअरला भट्टीपाशी एकटं सोडू नये.