तनया खाली चहाला गेलीये

वासंतीबाई पेंडसे छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या, पण कारण विचारायची खोड काही गेली नाही. न्यूमोनिया उतरला, सलाइन सुटलं, तरी लघवीची नळी पाचव्या दिवशीही तशीच. शेजारच्या खाटेवरच्या आजींची मात्र दुसऱ्याच दिवशी निघाली होती. त्यांच्या उशाशी सून बसलेली असायची.

"माझी कधी काढणार?" त्यांनी नम्रता सिस्टरला विचारलं.

"बाथरूमला धरून न्यायला सोबत कोणी आहे का, आजी? पडलात तर?"

म्हणजे आजार केव्हाच संपला होता. माणूस नव्हतं म्हणून नळी होती. बाईंना हे नळीपेक्षा जास्त टोचलं. एकुलता एक मुलगा सलिल सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी अमेरिकेत, सॅन होजेला. कालच फोनवर म्हणाला होता, "आई, तुला चालता येत नसेल तर वाघोलीचा एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय." विश्रांतवाडीचं आपलं घर सुटणार, ही धास्ती त्यांनी घेतली. त्यात राऊंडला आलेले डॉक्टर कुणाला तरी सांगत होते, नळी जितके दिवस राहील तितकी जंतुसंसर्गाची भीती जास्त.

मग जन्मात खोटं न बोललेल्या बाईंनी धडधडीत थाप मारली. "माझी भाची आलीये, तनया. खाली चहाला गेलीये. काढा नळी."

नळी निघाली. दोन तासांनी बाथरूमला जायची वेळ आली तेव्हा बाईंनी भिंत धरली. चौथ्या पावलाला तोल जाताच कुणीतरी दंड घट्ट पकडला. वॉर्डातल्या आया, लोणी काळभोरच्या कौशल्यामावशी.

"भाची कुठं हाय तुमची?"

बाईंनी पुढचं पाऊल टाकलं.

"बरं. हळू टाका पाऊल."

परतताना सिस्टरनं तेच विचारलं, तेव्हा मावशींनीच ठोकून दिलं, "आत्ता तर हितं व्हती! लई गुणाची पोरगी."

तिसऱ्या दिवशी बाई भिंतीशिवाय चालल्या. सलिलला फोनवर म्हणाल्या, "वाघोलीला तूच जाऊन राहा. हवा चांगली आहे म्हणतात." आणि डिस्चार्ज मिळताच रिक्षा करून एकट्याच घरी आल्या.

तिन्हीसांजेला त्या बाथरूमला जायला उठल्या. आपल्या घरात, आपल्या पायांनी. जिंकल्या होत्या, पण सांगायला कुणी नव्हतं, आणि त्यांना एकदम फार एकटं वाटलं. दारापाशी थांबून त्या हलकेच म्हणाल्या, "तनया, दिवा लाव गं."

मग हात लांबवून त्यांनीच बटण दाबलं.